सफोकमधील घराजवळच्या रानात आई-बाबांना घेऊन जायचे आहे : वाट, ऋतू आणि काळजी याविषयी मार्गदर्शन हवे

मृण्मयी :

सप्रेम नमस्कार. गेल्या शरद ऋतूत आम्ही सफोक परगण्यात, बरी सेंट एडमंड्सच्या दक्षिणेकडील एका खेड्यात राहायला आलो. घरामागची दोन शेते ओलांडली की एक लहानसे रान लागते. ओक, ॲश आणि हेझल ही झाडे मला आता ओळखता येतात. बाकीची अजून येत नाहीत. रानाच्या तोंडाशी एका लाकडी खांबावर पिवळा बाण आहे, पण त्याला लागूनच असलेल्या झाडावर ‘खासगी रान, प्रवेश बंद’ अशी पाटी ठोकलेली आहे. त्यामुळे संपूर्ण हिवाळा मी रानाच्या कडेपर्यंत जाऊन परत फिरत आले आहे.

एप्रिलच्या अखेरीस माझे आई-बाबा महिनाभरासाठी येत आहेत. बाबांना झाडाझुडपांची मनापासून आवड आहे. आईचे गुडघे दुखतात, परंतु सपाट वाटेवर ती तास-दीड तास सहज चालते. सोबत माझी सात वर्षांची मुलगी असेल. अशा वेळी बाण मानावा की पाटी? त्या दिवसांत रानात नेमके काय पाहायला मिळते? आणि या अनोळखी लहान रानापेक्षा एखाद्या नावाजलेल्या मोठ्या जंगलात त्यांना नेणे अधिक योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पाऊलवाट :

मृण्मयीताई, पाटीही खरी आहे आणि बाणही खरा आहे. इंग्लंडमधील बहुतेक राने कोणाच्या ना कोणाच्या खासगी मालकीची आहेत, परंतु त्यांतून जाणाऱ्या कित्येक पायवाटांवर लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला वहिवाटीचा हक्क आहे आणि जमिनीची मालकी बदलली तरी तो हक्क बुडत नाही. पाटी वाटेच्या दोन्ही बाजूंच्या रानाविषयी बोलते, बाण वाटेविषयी बोलतो. बाण दाखवतो त्या वाटेने आपण निःशंकपणे चालत जावे, वाटेत दम घ्यायला किंवा एखादे झाड न्याहाळायला थांबावे. मात्र वाट सोडून आत शिरू नये.

बाणांचे रंग एकदा लक्षात ठेवले की पुढे कुठेही अडत नाही. पिवळा बाण केवळ पायी चालणाऱ्यांसाठी असतो. निळ्या बाणाच्या वाटेवर घोडेस्वार आणि सायकलस्वारही येऊ शकतात, जांभळ्या वाटेवर त्यांच्या जोडीला इंजिन नसलेल्या गाड्या आणि लाल बाणाच्या वाटेवर सर्व प्रकारची वाहने. पांढरा बाण बहुधा मालकाने आपखुशीने दिलेली वाट दर्शवतो आणि अशी वाट तो पुढे बंदही करू शकतो.

खात्री करून घ्यायची असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी मुखपृष्ठाचा ‘एक्सप्लोरर’ नकाशा घ्यावा. त्याचे प्रमाण १:२५,००० असते आणि सार्वजनिक वाटा त्यात हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. कायद्याने ग्राह्य धरला जाणारा नकाशा मात्र परगण्याच्या कौन्सिलकडे असतो आणि त्यात जी वाट नोंदलेली आहे तिच्यावरचा हक्क निर्विवाद मानला जातो. तिथे कोणी कुंपण घातले किंवा वाट नांगरून पूर्ववत केली नाही, तर मालकाशी वाद न घालता कौन्सिलच्या सार्वजनिक वाटांच्या विभागाला कळवावे.

आपल्याला कदाचित कोणी सांगेल की २००० सालच्या कायद्याने इंग्लंडमध्ये कुठेही फिरण्याची मुभा दिलेली आहे. तसे नाही. त्या कायद्याने डोंगराळ माळ, मूरलँड (उंचावरचे ओसाड माळ), हीथ (झुडपी माळरान), डाउन (चुनखडीच्या गवताळ टेकड्या) आणि नोंदणीकृत सामाईक जमिनी खुल्या केल्या आणि हे सारे क्षेत्र इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के भरते. राने सरसकट त्यात येत नाहीत, आणि हे मला आजही खटकते, कारण दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमधील सामान्य माणसाच्या घराजवळ डोंगर नसतो, रानच असते. स्कॉटलंडमधील कायदा निराळा आणि बराच उदार आहे. तिकडे राहणाऱ्या मंडळींचा सल्ला इकडे लागू पडत नाही. मात्र वुडलँड ट्रस्ट ही १९७२ साली स्थापन झालेली संस्था आज हजाराहून अधिक रानांची देखभाल करते आणि ती राने पायी फिरणाऱ्यांना विनामूल्य खुली आहेत. फॉरेस्ट्री इंग्लंड या सरकारी वनसंस्थेच्या स्वतःच्या मालकीच्या बहुतेक जंगलांतही पायी फिरता येते.

एक गोष्ट केवळ हिवाळ्यापुरती सांगतो. सफोकमधील अनेक खासगी रानांत फेझंट हे शिकारीचे पक्षी पाळून सोडतात आणि १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी या काळात त्यांची शिकार होते. रविवारी आणि नाताळच्या दिवशी ही शिकार करता येत नाही, म्हणून थंडीच्या दिवसांत चालण्यासाठी रविवार निवडावा. एप्रिलमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही.

क्षितिज :

आई-बाबा पहिल्यांदाच येत असतील तर एसेक्समधील हॅटफील्ड फॉरेस्टचा अवश्य विचार करावा. बाराव्या शतकाच्या सुमाराला ते राजाचे शिकारीचे जंगल झाले आणि १९२४ पासून ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. मोकळ्या गवताळ पट्ट्यांतून सपाटीवर चालता येते, वाहनतळ आणि उपाहारगृह आहे, आणि माणसाच्या डोक्यापेक्षा उंच ठिकाणी शतकानुशतके छाटत आणलेले हॉर्नबीम या झाडाचे जाडजूड बुंधे तिथे इतके आहेत की आपल्या बाबांचा दिवस अपुरा पडेल. लहान रानात चिखल, वाटेची अनिश्चितता आणि बसायला बाक नाही. वडीलधाऱ्यांसोबत ही गैरसोय जाणवते.

सोनचाफा :

क्षितिज यांनी सुचवलेले जंगल सुंदर आहे याबद्दल दुमत नाही. तरीही मृण्मयी, एप्रिलच्या अखेरीस आपण ज्या भागात राहता तिथले लहान रान सोडून दुसरीकडे जाऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन आणि त्याचे कारण ऑक्सलिप हे आहे. हे फूल ब्रिटनमध्ये मुख्यतः पश्चिम सफोक, त्याला लागून असलेला केंब्रिजशर आणि उत्तर एसेक्स एवढ्याच पट्ट्यातील जुन्या रानांत, ओल्या चिकणमातीत उगवते. एका दांड्याच्या टोकाशी फिकट पिवळ्या फुलांचा घोस येतो आणि सगळी फुले एकाच बाजूला मान वळवून लोंबतात. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या फुलांपैकी प्रिमरोझचे प्रत्येक फूल स्वतंत्र देठावर येते, काउस्लिप उघड्या कुरणात फुलते आणि तिचा पिवळा रंग गडद असून आत नारिंगी ठिपके असतात. एवढे ध्यानात ठेवले की तिन्हींत गल्लत होत नाही. ऑक्सलिपचा बहर मार्चच्या अखेरीपासून मेच्या आरंभापर्यंत टिकतो, म्हणजे आपले आई-बाबा आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिकडे जायला हवे.

इथल्या रानफुलांचे सारे वेळापत्रक उजेडावर ठरते. ओक आणि ॲश ही झाडे उशिरा पालवतात, ॲश तर सर्वांत उशिरा. आणि एकदा डोक्यावर पानांचे छत धरले की खाली जेमतेम उजेड उरतो. म्हणून जमिनीवरच्या वनस्पतींना फुलणे, परागण आणि पुढच्या वर्षाची शिदोरी साठवणे ही सारी कामे छत मिटण्याआधी उरकावी लागतात. प्रथम वुड ॲनिमोनीची पांढरी फुले येतात, जी ढगाळ हवेत मिटून राहतात आणि ऊन पडताच चहूकडे उघडतात. ही वनस्पती जमिनीखालच्या खोडाने इतकी सावकाश पसरते की शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट सरकते. त्यामुळे तिचा मोठा गालिचा दिसला की ते रान जुने असण्याची दाट शक्यता असते. त्यापाठोपाठ एप्रिलच्या मध्यापासून ब्लूबेल हे घंटेच्या आकाराचे निळे फूल सुरू होते आणि मे महिन्यात रानलसणीच्या पांढऱ्या फुलांचा वास येऊ लागतो.

ब्लूबेल केवळ लांबून निळी चादर म्हणून पाहू नये, वाटेच्या कडेच्या एका रोपाशी वाकून पाहावे. अस्सल इंग्लिश ब्लूबेलचा दांडा शेंड्याशी कमानीसारखा झुकतो, फुले एकाच बाजूने लोंबतात, अरुंद घंटेच्या पाकळ्यांची टोके बाहेर वळलेली असतात, आतले पराग दुधाळ पांढरे असतात आणि गोडसर सुगंध येतो. बागांतून पसरलेली स्पॅनिश ब्लूबेल ताठ उभी राहते, तिची फुले दांड्याच्या चहूबाजूंनी लागतात, पराग बहुधा निळसर असतात आणि सुगंध जवळजवळ नसतो. मुलीला भिंग देऊन परागांचा रंग पाहायला सांगावे. सात वर्षांच्या मुलांना हे काम फार आवडते.

जगातील साधारण निम्म्या ब्लूबेल ब्रिटनमध्ये आहेत असे मानले जाते, आणि त्यांची सर्वांत मोठी हानी माणसांच्या पायांनी होते. पाने चिरडली गेली की जमिनीतल्या कांद्याला (कंदाला) अन्न मिळत नाही, रोप अशक्त होते आणि तो पट्टा सावरायला अनेक वर्षे लागतात. बियांपासून नवे रोप फुलावर यायलाच पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. छायाचित्रासाठी लोक फुलांच्या मधोमध जाऊन बसतात, ते पाहून मला अतिशय दुःख होते. जे काही टिपायचे ते वाटेवर उभे राहूनच टिपावे.

देवराई :

सोनचाफा यांनी जमिनीवरचे सांगितले, मी झाडांविषयी लिहितो, कारण मृण्मयी यांच्या बाबांना त्यात अधिक रस वाटेल. सफोकमधील या लहान रानांकडे अस्पर्श निसर्ग म्हणून पाहिले तर त्यांतले अर्धेअधिक दिसतच नाही. ही राने माणसाने शेकडो वर्षे वापरली, आणि वापरली म्हणूनच ती शेताखाली न जाता टिकली.

आपल्या रानातील हेझलचे झुडूप जवळून पाहावे. त्याला एक खोड नसते. जमिनीलगत शेवाळलेला, रुंद, गाठीगाठींचा जुना खुंट असतो आणि त्याच्या कडेने मनगटाएवढ्या जाडीच्या डझनभर सरळ काठ्या उठलेल्या असतात. हेझल जमिनीलगत तोडले की मरत नाही, त्याला नवे धुमारे फुटतात. सात ते दहा वर्षांत ते कामाजोगे होतात आणि पुन्हा तोडले जातात. या पद्धतीला कॉपिसिंग म्हणतात. कुंपणाचे विणलेले ताटवे, घेवड्याच्या वेलांना आधाराच्या काठ्या, मातीच्या भिंतींतील कामट्या, सरपण आणि कोळसा हे सारे त्यातून निघे, तर अधूनमधून राखलेले ओक घरांच्या तुळयांसाठी वाढू दिले जात. सॉमरसेटच्या दलदलीत सापडलेली ‘स्वीट ट्रॅक’ ही लाकडी वाट इसवी सनपूर्व ३८०७–३८०६ च्या सुमाराची आहे, आणि तिच्यासाठी वापरलेल्या सरळ काठ्या पाहता रानाची अशी निगा त्या काळापासून होत असावी असे अभ्यासक मानतात.

खुद्द आपल्याच परिसरातील ब्रॅडफील्ड वुड्समध्ये कॉपिसिंगच्या नोंदी १२५२ सालापासूनच्या आहेत. ते रान एके काळी बरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचे होते, विसाव्या शतकात त्याचा बराच भाग तोडून शेतीखाली आणला गेला, आणि उरलेला भाग आज राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट सांभाळतो. तिथे आजही दर हिवाळ्यात पाळीपाळीने एकेक पट्टा तोडला जातो. तोडलेला उघडाबोडका पट्टा पाहून बाबांना वाटेल की रानाची नासधूस चालली आहे. त्यांना आधीच सांगून ठेवावे की त्याच पट्ट्यात दोन-तीन वसंतांनी ऑक्सलिप सर्वांत जोमाने फुलतात, आणि पुढे काठ्या दाट झाल्या की तिथेच नाइटिंगेल हा गाणारा पक्षी घरटे करतो. मला स्वतःला इंग्लंडमधील एकाही राजवाड्यापेक्षा हे काम अधिक मोलाचे वाटते, कारण ते पाहायला ठेवलेले नाही, अजून चालू आहे.

आपले घराजवळचे रान जुने आहे का, हे ठरवायला त्याची हद्द पाहावी. बाहेरच्या बाजूला चर आणि आतल्या बाजूला रुंद, गोलसर झालेला मातीचा बांध असेल, आणि ती हद्द सरळ रेषेत न जाता वळणे घेत जात असेल, तर तो बहुधा मध्ययुगीन बांध असतो; कोवळे धुमारे खायला गुरे आत शिरू नयेत म्हणून तो घातला जाई. इंग्लंडमध्ये निदान १६०० सालापासून सलग रान राहिलेल्या जागेला प्राचीन रान म्हणतात, आणि अशी जमीन संपूर्ण ब्रिटनमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपासच उरली आहे. आपल्या घरामागे त्यातला एक तुकडा असण्याचा संभव आहे, तेव्हा क्षितिज यांच्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. हॅटफील्ड एका रविवारी पाहावे. घरामागचे रान मात्र आई-बाबा आहेत तोवर आठवड्याच्या आठवड्याला पाहावे, म्हणजे महिन्याभरात ते कसे पालटते हे त्यांना कळेल.

काही ॲशच्या फांद्या वाळलेल्या दिसतील. ॲश डायबॅक या बुरशीजन्य रोगाची ब्रिटनमधील पहिली नोंद २०१२ साली झाली आणि त्याच वर्षी तो शेजारच्या नॉरफकमधील रानांत आढळला. आता तो सर्वत्र आहे आणि बहुसंख्य ॲश त्याला बळी पडतील असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. रोगट ॲशचे लाकूड ठिसूळ होते; जोराचा वारा असेल त्या दिवशी रानात जाऊच नये.

मृण्मयी :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपले लेखन वाचून मी आजच कडेने फिरून आले, आणि शेताच्या बाजूला चर व त्यामागे बांध स्पष्ट दिसला. पूर्वी मी त्याला पाण्याचा निचरा समजत होते. बाबांना हे सारे आजच फोनवर सांगितले आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. मुलीने चार फुले तोडली किंवा आईने रानलसणीची पाने आणली तर चालेल का? आणि गोचिडींविषयी बरेच ऐकले आहे, त्याची भीती कितपत बाळगावी?

शर्वरी :

मी इथे एका दवाखान्यात परिचारिका आहे, म्हणून आधी गोचिडींविषयी लिहिते. त्या वसंतापासून शरदापर्यंत उंच गवतात आणि पालापाचोळ्यात विशेष आढळतात, आणि त्यांतील काहींच्या चावण्यातून लाइम रोग होऊ शकतो. फुलपँट घालावी, तिचे पाय मोज्यांत खोचावेत, शक्यतो वाटेच्या मधून चालावे आणि घरी आल्यावर प्रत्येकाने अंग नीट तपासावे. मुलांच्या बाबतीत केसांची कड, कानामागची जागा, काखा आणि गुडघ्यांची लवण मुद्दाम पाहावी. गोचीड आढळली तर बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी लगत धरून, न चिरडता, सावकाश सरळ वर ओढावे आणि जागा साबणाने धुवावी. तेल लावणे किंवा काडीने चटका देणे हे उपाय करू नयेत. चावल्याची तारीख लिहून ठेवावी. लाइम रोगाचा पसरत जाणारा लालसर चट्टा बहुतेक वेळा एक ते चार आठवड्यांत उमटतो, परंतु कधी तीन महिन्यांनीही दिसतो. तसा चट्टा किंवा तापासारखी लक्षणे दिसली तर जीपीकडे (आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे) जाऊन गोचीड चावल्याचे स्पष्ट सांगावे. वेळीच दिलेल्या प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो, तेव्हा भीती नको, तपासणी हवी. आई-बाबा परत गेल्यावर लक्षणे दिसली तर तिथल्या डॉक्टरांना या रोगाचा चटकन संशय येणार नाही, म्हणून ही माहिती त्यांनाही देऊन ठेवावी.

फुलांविषयी सांगायचे तर स्वतःसाठी रानफुले, पाने, फळे किंवा अळंबी तोडणे ही इंग्लंडमधील कायद्यानुसार चोरी ठरत नाही, परंतु जमीनमालकाच्या परवानगीवाचून कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटणे गुन्हा आहे, आणि राखीव क्षेत्रांत त्याहून कडक नियम असू शकतात. ब्लूबेल आणि ऑक्सलिप यांना हात न लावणेच उचित. रानलसणीबाबत मी अधिक सावध आहे. तिची पाने चुरडली की लसणाचा वास येतो, पण एकदा बोटांना वास लागला की पुढचे प्रत्येक पान लसणाचेच भासते. आणि त्याच जागी, तिच्यातच मिसळून लॉर्ड्स-अँड-लेडीज ही विषारी वनस्पती उगवते, जिची कोवळी पाने पुष्कळशी तशीच दिसतात. लिली ऑफ द व्हॅलीची पानेही तशीच असतात आणि ती फारच विषारी आहेत. खात्रीने ओळखणारे कोणी सोबत नसेल तर पाने घरी आणू नयेत. अळंबीच्या बाबतीत तर प्रयोगच करू नये.

पाऊलवाट :

आईंच्या गुडघ्यांविषयी राहून गेले होते. सफोकची चिकणमाती ओली असताना पाय घसरतो आणि बूट जड होतात. म्हणून त्यांच्यासाठी घोट्यापर्यंतचे, खाचदार तळव्याचे बूट आणि एक काठी घ्यावी. गमबूट चिखलाला चांगले, पण गुडघेदुखीत त्यांची पकड आणि आधार पुरेसा नसतो. त्यांना नेण्यापूर्वी आपण एकटीने ती वाट शेवटपर्यंत चालून पाहावी आणि कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या कुठे आहेत ते टिपून ठेवावे, कारण एक उंच पायरी दोन मैलांपेक्षा अधिक त्रास देते. वाटेत एखादे फाटक लागले तर ते जसे असेल, उघडे वा बंद, तसेच ठेवून पुढे जावे. रान शेताच्या टोकाला असल्याने परतीची वाट मोबाइलवर उतरवून ठेवावी; आत कित्येकदा नेटवर्क मिळत नाही. आणि त्या परिसरातील ऑक्सलिप उमलल्याचे आपल्याला आधी दिसले तर कृपया इथे कळवावे, कारण आम्ही काही जण केंब्रिजहून येण्याच्या तयारीत आहोत.